कोठडीच्या दवाखान्यात नोकरी: घ्यावी की नाकारावी?

ऑस्ट्रेलियात आश्रय मागणाऱ्यांना डांबून ठेवतात त्या केंद्रांत डॉक्टर किंवा नर्स म्हणून जावं का, यावर तिथल्या वैद्यकीय मंडळींत दोन तट आहेत.

आत जाण्याच्या बाजूने मुद्दा एकच, पण वजनदार: रुग्ण तिथे आहे. अडचण अशी की पगार कंत्राटदार कंपनी देते आणि कंपनीला पैसे सरकार देतं. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवा असं तुम्ही लिहिलंत, तरी मंजुरी अधिकाऱ्याच्या हातात. २०१४ साली पापुआ न्यू गिनीच्या मानस बेटावर, ऑस्ट्रेलियाच्याच एका केंद्रात, २४ वर्षांच्या एका इराणी तरुणाच्या पायात संसर्ग झाला. हलवायला उशीर झाला आणि तो ब्रिस्बेनमध्ये दगावला. हा मृत्यू टळू शकला असता, असं कॉरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने, २०१८ मध्ये नोंदवलं.

त्याहून अवघड पेच मानसोपचाराचा. माणसाचं नैराश्य कोठडीमुळेच असेल, तर गोळ्या लिहून तुम्ही त्याला बरं करता की कोठडी सोसण्याजोगा बनवता? उपोषणाला बसलेल्याबाबत निदान जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९९१ च्या माल्टा जाहीरनाम्याचा आधार आहे: शुद्धीत, समजून-उमजून नकार देणाऱ्याला बळजबरीने अन्न देऊ नये. कोठडीतल्या नैराश्याबाबत तसा सरळ नियम हाताशी नाही.

बाहेर राहिलात तर या व्यवस्थेला तुमच्या पदवीची प्रतिष्ठा मिळत नाही. शिवाय बाहेरूनही रेटा देता येतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी नाउरू या पॅसिफिकमधल्या बेटावरच्या केंद्रातून भाजलेल्या अवस्थेत आणलेल्या तान्ह्या मुलीला, सुरक्षित घर मिळेपर्यंत डिस्चार्जच दिला नाही. पण हे यश टिकाऊ नसतं. रुग्णाला बेटांवरून उपचारासाठी ऑस्ट्रेलियात हलवण्याच्या डॉक्टरांच्या शिफारशीला वजन देणारा २०१९ चा मेडेव्हॅक कायदा त्याच वर्षी डिसेंबरात रद्द झाला. संपूर्ण बहिष्काराचं मला पटत नाही ते यासाठी की तुम्ही सोडलेली खुर्ची रिकामी राहत नाही; तिथे बहुधा नवखा येतो.

तोंड उघडण्याची भीती आता थोडी कमी आहे. २०१५ च्या बॉर्डर फोर्स (सीमासुरक्षा यंत्रणा) कायद्यात केंद्रांतली माहिती फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. डॉक्टर कोर्टात गेल्यावर २०१६ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यातून वगळलं.

माझं मत विचाराल, तर डोक्यावर कर्ज आणि हाताशी दुसरी नोकरी नसलेल्याने आत जाऊ नये; त्याला राजीनामा परवडत नाही. अनुभवी असाल, उद्या उठून निघू शकत असाल, तर जा. सही करण्याआधी मात्र विचारून घ्या: माझी शिफारस फेटाळली, तर नकार लेखी आणि नावानिशी मिळेल का?