विंचू चावला म्हणून खाडा: चौथीच्या वर्गात चालवलेलं इजिप्तचं गोष्टीवालं युनिट

सरळ सांगते, 'इतिहास अनुभवा' टाइपचं काही दिसलं की मला आधी धास्तीच वाटते, कारण आत बहुतेक वेळा कागदी मुकुट आणि रंगवायची पानं यापलीकडे काही नसतं. प्राचीन इजिप्तवरच्या युनिटचं हे तयार किट मात्र मी तीन आठवडे चालवलं, अर्धं भारी निघालं, अर्धं मलाच डागडुजी करून वापरावं लागलं.

अख्खा वर्ग म्हणजे देर अल-मदिना, प्राचीन इजिप्तमधलं राजांची थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव. कुणी दगड फोडणारा, कुणी चित्रकार, कुणी हिशोब ठेवणारा लेखनिक, आणि गोष्ट रोज थोडी पुढे सरकते. (पद्धत नवीन नाहीये, स्कॉटलंडमध्ये 1960 च्या दशकापासून 'स्टोरीलाइन' नावाने चालते, पाकिटावर मात्र जणू यांनीच शोध लावलाय.)

सगळ्यात जमलेला धडा हजेरीचा. या कारागिरांच्या खाड्यांची खरी नोंद चुनखडीच्या तुकड्यावर सापडलीये, दुसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या 40 व्या वर्षातली, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कुणी आजारी, कुणी घरी बिअर बनवत बसलेला, कुणाला चक्क विंचू चावलेला! पोरं हसून लोळली आणि दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, त्याला विंचू चावला." पण मग एकीने विचारलं, लिहिणाऱ्याला कसं कळायचं की हा खरंच आजारी आहे? हे गाइडमध्ये कुठेच नव्हतं, उरलेला तास त्यावरच गेला आणि बरं झालं गेला.

मग संपाचा दिवस. तिसऱ्या रामसेसच्या 29 व्या वर्षी धान्यात मिळणारा पगार थकला तेव्हा कारागीर काम टाकून देवळांपाशी जाऊन बसले, इटलीतल्या तुरिनच्या म्युझियममधल्या पपायरसवर (तेव्हाचा कागदच म्हणा) हे सगळं लिहिलेलंय. युनिटमध्ये त्या दिवशी बाईंनी धान्याची टोकनं वाटायचीच नाहीत. पोरांनी बोलायचे तयार संवाद पण दिलेत, ते मी कपाटातच ठेवले. पाचेक मिनिटं चुळबूळ, मग दगड फोडणाऱ्यांनी कागदी हातोडे खाली ठेवले आणि चित्रकार अजून रंगवतायत म्हणून त्यांच्यावरच भडकले. हे कुठल्या तयार संवादात आलं असतं?

आता राग. शेवटच्या पोस्टरवर याच कारागिरांच्या मागे अर्धवट बांधलेला गिझाचा मोठा पिरॅमिड! अहो, तो त्या हजेरीच्या तुकड्यापेक्षा सुमारे 1300 वर्षांनी जुना. मी दोरी आणली, 1 सेमी म्हणजे 10 वर्षं, पिरॅमिडपासून आजपर्यंत साडेचार मीटरच्या वर गेली. पिरॅमिड ते हजेरी 130 सेमी, एक जण शेजारी आडवा झोपला तर जवळपास तेवढाच भरला. पोस्टर मी चूक शोधायला म्हणून भिंतीवर तसंच ठेवलं.

लढाईचा पॉइंटवाला गेम पण आहे, एकदा खेळलो, नुसता आरडाओरडा, परत डब्यात. वर्कशीट तर राजांची नावं जोडण्यापलीकडे काही विचारतच नाही.

आणि संपाची गोष्ट किट मध्येच सोडतं. पोरं विचारत राहिली, मग धान्य मिळालं का? मिळालं, पुन्हा थकलं, पुन्हा ते जाऊन बसले, हे मीच सांगितलं.