अकरा महिने, जुनी गाडी आणि पायाखालचं ओलं कार्पेट

गाडी घेऊन ११ महिने झाले, १४ हजार किलोमीटर फिरून झालं. पाचव्या महिन्यातच लिहायला बसलो होतो, पण तेव्हा नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या. मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही. माझं भांडण त्या मॉडेलशी नाही, माझ्या वाट्याला आलेल्या या एका नगाशी आहे.

१२ वर्षं जुनी, पेट्रोल, मॅन्युअल. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई, त्यामुळे पाच माणसं नीट बसतील आणि आईला गुडघे न दुमडता उतरता येईल एवढीच अट होती. बजेटमधला पाचवा हिस्सा मी आधीच बाजूला काढून ठेवला, घेतल्याघेतल्या निघणाऱ्या कामांसाठी. बायकोचं म्हणणं, तेवढ्यात दोन वर्षं कमी जुनी गाडी आली असती. आली असती, पण मग कामं कशातून केली असती?

बघायला गेलो तेव्हा माझ्या मते मी कसून परीक्षा घेतली. आधी बॉनेटवर हात ठेवला; इंजिन गार होतं, म्हणजे आम्ही यायच्या आधी कुणी गाडी तापवून ठेवलेली नव्हती. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय नव्हती (ती असली तर ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची शंका येते). टायरवरचा चार आकडी कोड वाचला (पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे). चार टायर, चार वेगळी वर्षं. स्टेपनी तर गाडीच्याच वयाची, रबराला भेगा. त्यावर भाव पाडून घेतला. स्कॅनर लावला तर एरर कोड नव्हते, आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही पूर्ण झालेल्या दिसत होत्या. आदल्या दिवशी कोड पुसलेले असते तर त्या अर्धवट दिसल्या असत्या. मालक म्हणाले, "बघा, खाली एक थेंब गळत नाही." मी वाकून पाहिलं. खरंच कोरडं. खूश होऊन घरी आलो.

कार्पेटला मात्र हात लावला नाही.

तिसऱ्या आठवड्यात धाकटी पुढच्या सीटवरून उतरली ती एक मोजा हातात घेऊन. "बाबा, गाडीत पाणी आहे." मॅट उचललं. वरून कार्पेट जेमतेम दमट होतं, पण अंगठा दाबला तर भोवती पाण्याचं तळं साचलं. खालच्या फोमने किती पाणी प्यायलं होतं कुणास ठाऊक.

पहिला विचार एकच, गाडी पुरात बुडालेली आहे. त्या रात्री टॉर्च घेऊन बसलो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ शोधली. सीटच्या रुळांचे बोल्ट पाहिले, स्टेपनीच्या खड्ड्यात बोटं फिरवली. ना गाळ, ना गंज. तरी झोप लागली नाही.

गॅरेजवाल्याने दोन मिनिटांत निदान केलं, "हीटर कोर गळतोय. डॅशबोर्ड उतरवावा लागेल." हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर; इंजिन गार ठेवणारं कुलंट त्यातूनही फिरतं. खर्चाचा आकडा ऐकून मी विचारलं, मग कुलंट कमी का होत नाही? टाकीवरच्या खुणेपासून केसभरही हललेलं नव्हतं. म्हणे, थोडं थोडं जातं, कळत नाही. मी कागदी रुमाल कार्पेटवर दाबून त्याच्यासमोर धरला. रंग नाही, गोडसर वास नाही, बोटांना चिकटपणा नाही. काचेवर आतून तेलकट धुकंही कधी धरलं नव्हतं. म्हटलं, हे साधं पाणी आहे. तो म्हणाला, "मग तुम्हीच करा." निघालो तिथून.

मग संशय पावसावर गेला. पुढच्या काचेखालची जाळी उघडली तर आत ओंजळभर कुजलेला पाला. साफ केला आणि घरात विजय जाहीर केला. दोन आठवडे पावसाचा थेंब नाही, तरी कार्पेट पुन्हा ओलं. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

उत्तर शेजाऱ्यांच्या गाडीखाली सापडलं. एसी लावून आली की तिच्याखाली डबकं साचायचं. माझ्या गाडीखाली कधीच नाही. म्हणजे ज्या कोरडेपणावर भाळून मी गाडी घेतली, तोच रोग होता. एसीच्या गार कॉइलवर हवेतला ओलावा जमतो, तो एका नळीतून गाडीखाली पडायला हवा. नळी तुंबली की तो आत.

दुसऱ्या मेकॅनिकला हे सांगितलं. तो आडवा होऊन आत सरकला, रबरी नळीचं टोक चाचपलं, जपून तार घातली. आधी शेंगदाण्याएवढा चिखलाचा गोळा पडला आणि मग भस्सकन सगळं पाणी त्याच्या बाहीत. दहा मिनिटांचं काम. पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या." सीट काढून कार्पेट वाळवायला मात्र तीन दिवस गेले, आणि कुबट वास जायला महिना.

बाकी ठीक. टायमिंग बेल्ट पहिल्याच आठवड्यात बदलला, कारण आधी बदलल्याची पावती नव्हती आणि या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. वॉटर पंपही सोबतच, नाहीतर तीच मजुरी पुन्हा पडते. सातव्या महिन्यात क्लच गेला. चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागेवर. बाजूला काढलेले पैसे तिथे संपले. ॲव्हरेज १४-१५, तक्रार नाही. बायको म्हणते, क्लचला एवढे गेले त्यावर हूं की चूं नाही, आणि फुकटात झालेल्या कामाचं पुराण अजून संपत नाही.

आता गाडी लावली की मुलं खाली वाकतात आणि ओरडतात, "पडतंय, पडतंय!" परवा गारठा होता, एसी लावलाच नव्हता. तरी मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. वरून आईचा आवाज आला, "काय रे, हरवलं का काही?"