डार्विनचा ग्रंथसंग्रह: पुस्तके आणि समासातल्या खुणा

चार्ल्स डार्विन पुस्तकांच्या बाबतीत मुळीच हळवा नव्हता. जाडजूड ग्रंथ हातात धरायला अवघड जातो म्हणून तो सरळ कापून त्याचे दोन भाग करी, आणि पुस्तिकांमधली कामाची पाने तेवढी ठेवून बाकीची फाडून टाकी, असे त्याचा मुलगा फ्रान्सिस याने लिहून ठेवले आहे. अशा वाचकाचा संग्रह जपायचा म्हणजे पुस्तकांइतक्याच त्यांवरच्या खुणाही जपायला हव्यात. जीवसृष्टीविषयीची पुस्तके ऑनलाइन वाचायला देणाऱ्या ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ने २०११ साली संकेतस्थळावर खुला केलेला डार्विन-संग्रह या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतो.

समासात पेन्सिलीने रेघ ओढायची, जमल्यास एखादा शेरा लिहायचा आणि पुस्तकाच्या शेवटी खुणा केलेल्या पानांचे क्रमांक टिपून ठेवायचे, ही डार्विनची रीत होती. त्याचे अक्षर लावणे हे जाणकारांचे काम. येथे मात्र ते शेरे सुवाच्य टंकित रूपात वाचायला मिळतात. डार्विनच्या संग्रहातल्या, आज टिकून असलेल्या १,४८० पुस्तकांपैकी ३३० पुस्तके पहिल्या टप्प्यात घेतली गेली आणि तीही सर्वाधिक नोंदी असलेली निवडली, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र खटकते. काही ठिकाणी पडद्यावर दिसते ती डार्विनची प्रत नसून दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत असते. मजकूर मिळतो, शेराही मिळतो, पण रेघ सहज ओढली आहे की रागाने दाबून, हे कळायला मार्ग उरत नाही. ही तडजोड लपवलेली नाही, तरी नवख्या वाचकाच्या ती चटकन लक्षात येणार नाही.

व्याप्ती हवी असेल, तर ‘डार्विन ऑनलाइन’ या दुसऱ्या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली सूची पाहावी. १८७५ सालच्या ४२६ पानी हस्तलिखित यादीसह अनेक साधनांवरून तिने सुमारे ७,४०० शीर्षकांचा संग्रह पुन्हा जुळवला आहे, आणि फुकट वाचता येणाऱ्या प्रतींचे हजारो दुवेही दिले आहेत. जवळजवळ निम्मा संग्रह इंग्रजीखेरीज इतर भाषांतला, त्यात जर्मन आणि फ्रेंच ठळक, हे वाचून डार्विनच्या चिकाटीचे कौतुक वाटते (जर्मन वाचताना तो किती वैतागत असे, हे प्रसिद्धच आहे). सूची मात्र प्रचंड आहे. विषय पक्का न करता उघडली, तर माणूस गोंधळून जातो. पुस्तक आधी तिथे शोधावे आणि त्यावरचे शेरे हवे असल्यास पहिल्या संकेतस्थळाकडे वळावे. दोन्हीकडे वाचायला पैसे पडत नाहीत.