टाइप-सीवाला प्रोजेक्टर अ‍ॅडॅप्टर, व्हीजीए असलेलाच घ्या

नवीन लॅपटॉपला दोन टाइप-सी आणि एक साधा यूएसबी, बाकी पोर्टच नाहीत. आणि मी गेस्ट लेक्चर घ्यायला जाते त्या कॉलेजांत कितीतरी ठिकाणी छताला टांगलेल्या प्रोजेक्टरची वायर अजून ती निळ्या टोकाची 15 पिनवाली व्हीजीएच. 1987 साली आयबीएमने आणलेली गोष्ट आहे ती, पण वायर एकदा भिंतीतून ओढली की कोण बदलत बसतंय. म्हणून एचडीएमआय, व्हीजीए, ऑडिओ जॅक आणि चार्जिंगचा टाइप-सी असं सगळं एकत्र असलेला अ‍ॅडॅप्टर पुण्यातल्या तापकीर गल्लीतून घेतला. मोठा ब्रँड वगैरे नाही, हजाराच्या आत मिळाला आणि मी मनापासून खूश आहे.

दुकानातल्या काकांनी आधी विचारलं, "ताई, लॅपटॉप आणलाय का? पोर्ट बघू दे." हे फार महत्त्वाचंय, कारण प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातंच असं नाही, काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात आणि तिथे कितीही महागाचा अ‍ॅडॅप्टर लावा, पडद्यावर काही येणार नाही. पोर्टशेजारी डीपीची, म्हणजे डिस्प्लेपोर्टची, खूण किंवा विजेचा बाण, म्हणजे थंडरबोल्ट, असेल तर काम होतं. खूण नसेल तर मॉडेलच्या माहितीत डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (म्हणजे टाइप-सीमधून चित्र बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय का ते बघा. माझ्या लॅपटॉपला खूण एकाच पोर्टला आहे. काकांनी काउंटरवरच्या मॉनिटरला एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही लावून दाखवलं आणि मगच पैसे घेतले. ऑनलाइन पन्नास रुपये कमी पडले असते पण हे कोण करून दाखवणार?

वापरून बघितल्यावर एचडीएमआयला काहीच त्रास नाही, लावलं की आवाजासकट चालू. व्हीजीएवर अक्षरं जरा मऊ दिसतात, लांब वायर असेल तर जास्तच, आणि व्हीजीएमधून आवाज जात नाही त्यामुळे व्हिडिओ दाखवायचा असेल तर अ‍ॅडॅप्टरच्या जॅकमधून स्पीकरला वेगळी वायर लावावी लागते. हॉलवाल्यांना आधीच फोन करून स्पीकरची वायर आहे का विचारून ठेवा, ऐनवेळी कोणाकडे नसते.

पडद्यावर नो सिग्नल आलं तर घाबरू नका, आधी प्रोजेक्टरच्या रिमोटवर सोर्स दाबून बरोबर इनपुट निवडा, मग विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबा. डुप्लिकेट केलं की दोन्हीकडे तेच दिसतं, एक्स्टेंड केलं की पॉवरपॉइंटच्या प्रेझेंटर व्ह्यूमध्ये नोट्स आणि पुढची स्लाइड फक्त आपल्याला दिसते. मी आता एक्स्टेंडच वापरते, मान खाली घालून कागद वाचावा लागत नाही, मुलांकडे बघून बोलता येतं आणि वर्गात त्याचा खरंच फरक पडतो.

जुन्या प्रोजेक्टरचं रिझोल्यूशन बऱ्याचदा 1024 बाय 768 असतं, तिथे रुंद स्लाइडला वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि बारीक अक्षर वाचताच येत नाही, तेव्हा फाँट मोठाच ठेवा.

तक्रार म्हणाल तर वायर फारच आखूड आहे, वीतभर पण नसेल, त्यामुळे जड व्हीजीए केबल लावली की अ‍ॅडॅप्टर टेबलाच्या कडेवरून लोंबतो आणि सगळा ताण लॅपटॉपच्या पोर्टवर येतो. मी खाली वही सरकवते. तासभर चालला की गरमही होतो, पण बंद कधी पडला नाही. चार्जर त्यातूनच लावता येतो हे फार सोयीचं आहे.

आणि एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी स्वस्तातली नुसती केबल दिसली तर आत चिप आहे का ते विचारा. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अ‍ॅनालॉग, मध्ये बदलून देणारं काही नसेल तर चित्र येणारच नाही. चिपवाली असली तरी ती एचडीएमआयकडून व्हीजीएकडेच चालते, उलटी नाही.

फक्त घरच्या टीव्हीला लावायचा असेल तर नुसता एचडीएमआयवाला घ्या, स्वस्त पडेल.