घर विकायला काढलंय? भिंती बघणाऱ्या गिऱ्हाइकापासून सावध

आकडे आधी लिहून टाकते, कारण पुण्याचा माझा भाऊ सगळ्या नातेवाइकांत "हिनं पाच लाख घालवले" असं सांगत सुटलाय. पाच नाही. ठेकेदाराला ॲडव्हान्स २,०५,५०० रुपये, 'मटेरियल'चे ६८,००० आणि दलालाला 'फाइल'चे ११,०००. एकूण २,८४,५००. गच्ची दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतली त्याचे १,३७,००० वेगळे, आणि ते काम निदान झालंय तरी.

घर इंदूरच्या लोकमान्य नगरातलं, आईचं. आई गेल्यावर दोन वर्षं बंद होतं. भाऊ फोनवरून सल्ले देणार आणि इथे राहते म्हणून धावपळ मी करणार, हे आमच्याकडे पूर्वापार चालत आलेलं आहे. मागच्या खोलीत ओल, गच्चीवरचं चायना मोझॅक ठिकठिकाणी फुटलेलं, रंगाचे पोपडे. विकायच्या आधी थोडं नीट करून घेऊ, हा विचार माझा एकटीचा नव्हता. "जरा रंगरंगोटी कर, पाच-दहा लाख जास्त येतील" हे भावाचेच शब्द. मेसेज अजून फोनमध्ये आहे.

फसवणुकीची ही पद्धत नवी नाही, वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत असेल. दलाल, गिऱ्हाईक आणि ठेकेदार, तिघे एकाच माळेचे मणी. मला ९५ लाखांच्या वर कोणी बोलत नव्हतं. हा गृहस्थ आला, बायकोला घेऊन, गाडी बरी, बोलणं मृदू, आणि १ कोटी ८ लाखांना हो म्हणाला. अट एकच. तो बँकेकडून कर्ज घेणार, बँकेचा व्हॅल्युअर आला आणि त्याला ओल दिसली तर किंमत कमी लावेल, म्हणून त्याआधी काम करून घ्या. बयाना, म्हणजे इसार, म्हणून लगेच १,००,००० चा चेक. "सौदा चिठ्ठी होगी तब लगा देना, ताईजी." सौदा चिठ्ठी म्हणजे सौद्याचा लेखी करार. आता सांगा, हे ऐकून कोणाला संशय आला असता? चेक हातात, नाव-खातं छापलेलं.

तरी एक गोष्ट मला अजून रात्री झोपू देत नाही. त्यानं नर्मदेचा नळ विचारला नाही. १९७८ साली नर्मदेचं पाणी इंदुरात आलं, तेव्हापासून इथला माणूस घर बघायला आला की चपला काढायच्या आधी विचारतो, नर्मदा आती है क्या, एक दिन छोड़ के आती है क्या, बोअरिंग है क्या. याआधी जे जे बघून गेले त्या सगळ्यांनी विचारलं होतं. यानं टाकीचं झाकणसुद्धा उचललं नाही. रजिस्ट्री मागितली नाही, पॅन मागितला नाही. ५० लाखांच्या किंवा त्याच्या वरच्या सौद्यात खरेदी करणाऱ्याला १ टक्का टीडीएस कापून भरावा लागतो, त्यासाठी विकणाऱ्याचा पॅन लागतोच. आणि आमच्या वस्तीत जुनं स्वतंत्र घर घेणारे बहुतेक जण ते पाडून तीन मजले चढवतात. ते प्लॉटचा फ्रंट मोजतात, समोरच्या रस्त्याची रुंदी बघतात. हा माणूस अर्धा तास भिंतींवर हात फिरवत होता. जी भिंत पाडायची तिच्या रंगाची कोणाला काय पडलीय?

दुसऱ्या दिवशी दलालानं ठेकेदार आणला. त्यानं टेप उघडायच्या आधी खिशातून एस्टिमेट काढलं. हातानं लिहिलेलं, ३,४२,५०० चं, आणि त्यात एक ओळ, 'पीछे की कोठरी, सीलन, १८० स्क्वेअर फुट'. ती कोठी कुलूपबंद होती. आईच्या ट्रंका आत असल्यानं मी ती कोणाला दाखवलीही नव्हती. विचारलं मी, नाही असं नाही. "पुराने मकान में पीछे की कोठरी में सीलन रहती ही है, ताईजी." राहतेच, यावर काय बोलणार? नंतर, सगळं झाल्यावर, मी स्वतः भिंत मोजली. १८०. दलालानं 'फोटो काढायला' म्हणून आठवडाभर आधी चावीचा जुडगा नेला होता तेव्हाच मापं झाली होती. चावी कोणालाही देऊ नका. फोटो काढायचेत तर तुम्ही उभं राहून काढू द्या.

भीती घालायचं साधनही त्यांनी इथलंच निवडलं. मालव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, तडे जातात. हे खरंच आहे, म्हणून तर पटतं. तर म्हणे पाया हलला आहे, आता नाही केलं तर व्हॅल्युअर लिहून देईल. ६० टक्के ॲडव्हान्स त्याच दिवशी माझ्या खात्यातून गेला. काम टप्प्याटप्प्यानं, पैसे टप्प्याटप्प्यानं. एक खोली पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या खोलीला हात लावू देऊ नका, आणि गच्ची तर शेवटी. पाणी भरून दोन दिवस ठेवा, खाली डाग नाही आला तरच पैसे.

माझ्याकडे त्यांनी सुरुवातच गच्चीपासून केली. पहिल्या दोन दिवसांत मोझॅक फोडून टाकलं, म्हणजे मी आता अडकलेच. मग रंगाच्या बादल्या आल्या. चांगल्या कंपनीच्या, २० लिटरच्या. एका बादलीच्या झाकणाची सीलची कडी कापून वरून पारदर्शक टेप लावलेली होती. मी बोट लावून दाखवलं. "शेड मिलाने के लिए दुकान पर खोलना पड़ता है." तेही खरंच असतं! या लोकांचं प्रत्येक खोटं एका खऱ्या गोष्टीला टेकून उभं असतं. पुट्टी ओल्या भिंतीवरच ओढली. आठवड्यात नखानं खरवडली तर पिठासारखी भुरभुर हातात आली. मग गावाकडे लग्न निघालं, मग फोन बंद, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सगळं पाणी आईच्या ट्रंकांवर.

बिलावरचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होत होता. मध्य प्रदेशचा २३ पासून सुरू होतो, २७ महाराष्ट्राचा. तीस वर्षं हिशेबखात्यात नोकरी केली, पण आमच्या वेळी जीएसटी नव्हता. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव-पत्ता दिसतो, फुकट. ॲडव्हान्स द्यायच्या आधी टाका.

दलालाचे ११,००० नगर निगमच्या खात्यावरून आईचं नाव बदलून घेण्याचे, म्हणजे नामांतरणाचे. पावतीची झेरॉक्स दिली. तिच्यावरचा नंबर भलत्याच वॉर्डातल्या कोणाच्या तरी घराचा निघाला.

आता पोलीस. ठाण्याचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. "पैसे आपने खुद दिए, काम शुरू भी हुआ, तो धोखा कैसा? लेन-देन का मामला है, सिविल में जाइए." मी म्हटलं, फसवणूक आहे. तर साहेब हसून म्हणतात, "४२० तो अब रही नहीं." मी म्हटलं, नाही राहिली, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ३१८ आहे, ती लावा. यावर मला बाहेरच्या बाकावर बसवलं. आवेदन लिहिलं तर भाषा बदला, बदललं तर बयान्याचं नाव काढून टाका. पोहोच मागितली तर "क्या ज़रूरत है, माताजी". सकाळी ताईजी असलेली मी दुपारपर्यंत माताजी झाले होते.

मग चेक. "बाउंस हुआ? नहीं? तो फिर?" चेक तीन महिनेच चालतो. मला दर वेळी 'सौदा चिठ्ठी पुढच्या आठवड्यात' सांगून त्यांनी नेमके तेवढे दिवस काढले. तो बँकेत टाकलाच नाही, म्हणून परत आल्याचा मेमो नाही. मेमो नाही, म्हणून चेक न वटल्याच्या कलम १३८ ची नोटीस नाही. वकील म्हणाले, वेळेत टाकला असता तरी बयान्याच्या चेकवर 'देणं' कुठलं, यावर वाद झालाच असता. पण निदान खात्यात पैसे नाहीत हे तरी एप्रिलमध्येच कळलं असतं! बयाना घेतला की दुसऱ्या दिवशी बँकेत टाका. समोरचा थांबा म्हणाला तर सौदा तिथेच संपला समजा. आणि रोख देतो म्हणाला तरी घेऊ नका. घराच्या सौद्यात २०,००० किंवा जास्त रोख ॲडव्हान्स घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली. नंबर मिळाला, मेसेज आले, मग एकदा फोन आला की चौकशी चालू आहे, आपण समाधानी आहात का? चौकशीवर समाधानी कशी असणार, झालंच काय आहे? दोन दिवसांत शेरा, 'आवेदिका संतुष्ट, प्रकरण बंद'. रेराचं कोणी सुचवलं, तर रेरा बिल्डरच्या प्रकल्पांसाठी, आईच्या जुन्या घराच्या दलालाला तिथे कोण विचारतो. ठाण्यानं घेतलं नाही म्हणून वकिलांच्या सांगण्यावरून वरच्या अधिकाऱ्याला स्पीड पोस्टनं तक्रार पाठवली, बीएनएसएसच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १७३(४) खाली. ती पोहोचल्याची नोंद आहे, उत्तर नाही. तुम्हीही पोस्टानंच पाठवा, हाती देऊ नका.

ग्राहक आयोगात ठेकेदाराविरुद्ध केस टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. अडचण एवढीच की बिलावरचा पत्ता भाड्याच्या गोदामाचा होता आणि नोटीस परत आली. काम सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराचं आधार बघा, घर बघून या, लाज वाटू देऊ नका. मला वाटली.

घर अजून विकायचंय. गच्ची झाली आहे, कोठीतली ओल तशीच ठेवली आहे, येईल त्याला आधी तीच दाखवते. ९८ लाख. नर्मदा एक दिवसाआड येते.