सोलापुरात नवी वकिली: ओळखी चेंबरमधून जोडाव्यात, तालुक्यातून, बाजारातून की कोल्हापुरातून?

सनद मिळाली, बार परीक्षा पास झाली, काळा कोट शिवून झाला की घरात पहिला प्रश्न येतो: आता केस कुठून येणार? बरेच नवे वकील त्याचं उत्तर थेट पक्षकारांमध्ये शोधतात. लग्नकार्यात कार्ड देतात, दिसेल त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरतात. माझं मत वेगळं आहे. पहिली चार-पाच वर्षं काम वकिलांकडून येतं, पक्षकार नंतर येतो. म्हणून ओळखी कुठे जोडायच्या हे ठरवताना, आपलं काम कोणाच्या डोळ्यांसमोर होणार आहे हे आधी पाहावं. सोलापुरातले मार्ग मी याच कसोटीवर तपासतो आहे.

चेंबर की स्वतःचं टेबल

सिनिअर वकिलाच्या ऑफिसात, म्हणजे चेंबरमध्ये, ज्युनिअर म्हणून बसण्यातली अडचण पैशांची आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. वकिलांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024मध्ये ज्युनिअरला शहरी भागात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये मानधन द्यावं अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. घरचा आधार नसेल तर हा काळ कठीण जातो.

तरीही चेंबरला पर्याय नाही असं मला वाटतं, आणि त्याचं कारण फक्त शिकणं हे नाही. सिनिअरच्या प्रत्येक प्रकरणात समोर एक वकील असतो. तुम्ही मुदत अर्ज कसा मांडता, फाईल वाचून येता की दारात उभं राहून चाळता, पुकारा झाला तेव्हा हजर असता की नाही, हे तो पाहत असतो. सोलापूरचा बार, म्हणजे इथला वकीलवर्ग, एवढा लहान आहे की वर्षभरात कोण कोणाचा ज्युनिअर आणि कसा, हे बाररूममध्ये सगळ्यांना माहीत होतं. स्वतःचं टेबल टाकलं तर स्वातंत्र्य मिळतं, पण महिन्यातून मोजक्या वेळा कोर्टापुढे उभं राहणाऱ्या माणसाला कोण ओळखणार?

चेंबर निवडताना सिनिअरच्या नावापेक्षा त्यांचे जुने ज्युनिअर आज कुठे आहेत ते विचारा. कोणी बार्शीत प्रॅक्टिस करतो, कोणी सरकारी वकील झाला, कोणी न्यायाधीश झाली, तर ते तुमचे गुरुबंधू आणि गुरुभगिनी आहेत. दहा वर्षांनी पंढरपुरात एखादा अर्ज तातडीने दाखल करायचा असेल तेव्हा फोन त्यांनाच जातो. जिथे ज्युनिअर टिकत नाहीत किंवा त्यांना उभंच राहू देत नाहीत, तिथे कितीही मोठं नाव असलं तरी जाऊ नका.

दिवाणी आणि फौजदारी चेंबरमध्येही फरक आहे. फौजदारीत रिमांड, जामीन, उलटतपास यामुळे तुम्ही लवकर दिसू लागता. दिवाणीत सगळं सावकाश चालतं. पण वाटपाचा दावा वर्षानुवर्षं चालतो, त्यातली दोन्हीकडची भावकी तुम्हाला ओळखू लागते आणि पुढची पिढीही तुमच्याकडेच येते.

तालुका: सगळ्यात कमी वापरलेला मार्ग

शहरातल्या नव्या वकिलांना तालुका म्हणजे मागची पायरी वाटते. मला हा सगळ्यात फायद्याचा मार्ग वाटतो. जिल्हा मोठा आहे. करमाळा, माढा, माळशिरस, सांगोला, मंगळवेढा, प्रत्येक ठिकाणी दिवाणी आणि फौजदारी न्यायालय आहे. पण कामगार आणि औद्योगिक न्यायालय, सहकार न्यायालय, ग्राहक आयोग, धर्मादाय कार्यालय, जिल्हाधिकाऱ्यांपुढची प्रकरणं हे सगळं सोलापूर शहरात. पतसंस्थेच्या वादात अडकलेला सांगोल्याचा सभासद आधी सांगोल्याच्या वकिलाकडे जातो. त्या वकिलाला प्रत्येक तारखेला सोलापूर गाठणं परवडत नाही, त्याला इथे भरवशाचा माणूस हवा असतो. तो भरवसा तुम्हाला मिळवता येतो.

अपिलांचंही तसंच. अक्कलकोट किंवा मोहोळच्या निकालावरचं अपील सोलापूरला येतं. पंढरपूर आणि बार्शीत अतिरिक्त जिल्हा न्यायालयं असल्याने तिकडचं बरंचसं अपील तिथेच चालतं. म्हणजे अक्कलकोट-मोहोळच्या वकिलांशी नातं अपिलांसाठी जोडा आणि पंढरपूर-बार्शीच्या वकिलांशी शहरातल्या विशेष न्यायालयांसाठी. हा हिशेब नीट समजून घेतला तर कोणाकडे काय मागायचं ते आपोआप कळतं.

तालुक्याच्या वकिलाने पाठवलेलं प्रकरण हाताळताना एक पथ्य पाळा. प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी त्यालाच फोन करून काय झालं ते सांगा, पक्षकाराशी परस्पर व्यवहार करू नका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र दाखल असलेल्या प्रकरणात त्याच्या संमतीशिवाय हजर होता येत नाही. संमती मिळत नसेल तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. नियमाच्या पुढे जाऊन सांगतो, दुसऱ्याचा पक्षकार फोडणाऱ्याचं नाव एका आठवड्यात अकलूजपर्यंत पोचतं.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. कोर्टाचं कामकाज मराठीत चालतं, पण अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात मन मोकळं होतं ते कन्नडमध्ये, शहराच्या पूर्वभागात तेलुगूमध्ये. यातली एखादी भाषा येत असेल तर तुम्ही इतरांच्या पुढे आहात. येत नसेल तर ती येणारा सहकारी जोडीला घ्या.

बाजार: सीए, बँका, एमआयडीसी

या मार्गाने पैसा लवकर दिसतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल-चादर उत्पादक उधारीवर माल बाहेर पाठवतो आणि चेक परत येतो. चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) 2015च्या दुरुस्तीनंतर, चेक ज्या शाखेतल्या खात्यात वसुलीसाठी भरला त्या शाखेच्या ठिकाणी चेक न वटल्याची, म्हणजे कलम 138ची तक्रार करता येते. म्हणजे खरेदीदार दिल्लीचा असला तरी उत्पादकाचं खातं सोलापुरात असेल तर केस सोलापुरात. ही गोष्ट आजही कितीतरी कारखानदारांना ठाऊक नाही. चेक परतल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून नोटिशीला 30 दिवस, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस, त्यानंतर तक्रारीला एक महिना. मुदत हुकते ती बहुधा वकिलाकडे उशिरा आल्यामुळे.

आधी कळतं ते सीएला. येणी कुठे अडकली ते त्याच्या कागदांत दिसतं. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करण्याचं बंधन 2006च्या एमएसएमई (लघुउद्योग) कायद्यात आहे, त्यामुळे त्याच्याशी बोलायला विषयही तयार आहे. दोन-तीन तरुण सीएंशी नातं असणं शंभर व्यापाऱ्यांना कार्ड देण्यापेक्षा मोलाचं.

बँकेच्या पॅनलवरचं, म्हणजे तिने नेमलेल्या वकिलांच्या यादीतलं, सर्च रिपोर्टचं (मालमत्तेची मालकी तपासण्याचं) काम नियमित असतं. पण दुय्यम निबंधक कार्यालय, फेरफार आणि सात-बारा यांतच दिवस जातात आणि कोर्टात तुम्ही दिसेनासे होता. शिवाय अनुभवाशिवाय पॅनल मिळणं अवघड. मी म्हणेन, हे चौथ्या-पाचव्या वर्षी.

या मार्गाचा धोकाही मोठा आहे. इस्टेट एजंट, पोलीस ठाण्याभोवतीचे मध्यस्थ, अपघाताच्या केसेस आणून देणारे लोक ओळखीच्या नावाखाली कमिशन मागतात. वकील नसलेल्या माणसाबरोबर फी वाटून घ्यायला नियमांची साफ मनाई आहे, आणि दलालांची यादी करून त्यांना आवारात बंदी घालण्याची तरतूद 1961च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये आहे. एकदा या साखळीत अडकलं की चांगले सिनिअर लांब राहतात. ते नुकसान भरून निघत नाही.

विधी सेवा प्राधिकरण

हे प्राधिकरण गरजूंना मोफत वकील देतं. त्याच्या पॅनलवर यायला साधारणपणे तीन वर्षांचा अनुभव लागतो. मानधन थोडं, पण खटला आरोप ठेवण्यापासून निकालापर्यंत स्वतः चालवायला मिळतो आणि न्यायाधीश तुमचं काम जवळून पाहतात. महिलांना उत्पन्नाची अट न लागता मोफत मदत मिळते, म्हणून विडी कामगार वस्तीतल्या कितीतरी बाया या दारातून येतात. त्यांना नीट वागवणाऱ्या वकिलाचं नाव गल्लोगल्ली होतं. प्राधिकरणाच्याच, आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयात पूर्णवेळ गेलात तर खासगी प्रॅक्टिस बंद राहते, हे मात्र लक्षात ठेवा.

मोबाईलवरच्या ओळखी

थोडक्यात सांगतो. वकिलाला जाहिरात करता येत नाही. 2008पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक, पात्रता आणि कामाचं क्षेत्र एवढंच देता येतं. लिंक्डइनवर कायद्याच्या एखाद्या अरुंद विषयावर सातत्याने लिहिलं तर पुण्या-मुंबईचे वकील सोलापुरातलं काम पाठवू शकतात. जिल्ह्यातला पक्षकार त्यावरून येत नाही.

मुंबई की कोल्हापूर

18 ऑगस्ट 2025पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्यालयाबाहेर बसणारं खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आले. सोलापूरच्या वकिलांचं जुनं नातं मुंबईशी. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघायचं, सकाळी कोर्टात. कोल्हापूरला मंगळवेढा, सांगोला, मिरजमार्गे रस्त्याने जाणं आलं. तरीही नव्या वकिलाने कोल्हापूरच धरावं. मुंबईत सिनिअरांची नाती आधीच पक्की आहेत, कोल्हापुरात ती आता जुळत आहेत. तिथल्या एखाद्या समवयस्क वकिलाला नीट लावलेला रेकॉर्ड, प्रमाणित नकला, तारखांचा तक्ता आणि मराठी कागदांचं चांगलं इंग्रजी भाषांतर पाठवत गेलात, तर तुम्ही फक्त फाईल पोचवणारे राहत नाही. एनसीएलटी (कंपन्यांच्या वादांचं न्यायाधिकरण) आणि मॅट (राज्य सरकारी नोकरांच्या सेवेच्या वादांचं न्यायाधिकरण) यांच्या कामासाठी मात्र मुंबई लागेलच, त्यासाठी तिथे एक ओळख पुरे.

कोणी काय निवडावं

घरात वकिली नसेल तर चेंबर आणि त्याच्या जोडीला दोन तालुके, दुसरं काही नको. घरचा व्यापार असेल तर बाजाराचा मोह होईल, पण निदान दोन वर्षं चेंबरमध्ये काढून मग तिकडे वळा. खटले चालवण्याची हौस असेल तर तिसऱ्या वर्षानंतर विधी सेवा. आणि न्यायाधीश व्हायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा 20 मे 2025चा निकाल आधी वाचा. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी त्यात तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट घातली आहे आणि तिचा दाखला संबंधित न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाने, त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं अनुमोदन घेऊन, द्यायचा आहे. तो दाखला मागायला जाल तेव्हा त्यांनी तुम्हाला कोर्टात उभं राहिलेलं पाहिलेलं असावं.