१२ व्होल्टवर १ वॅटचा एलईडी: रेझिस्टर लावावा की कॉइल?

लाईट गेल्यावर चालणारा दिवा घरी करायचा म्हटलं की सामान ठरलेलं असतं: यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी आणि १ वॅटचा पांढरा एलईडी. या एलईडीला साधारण ३.२ व्होल्टवर ३५० मिलिअँपिअर करंट लागतो. वरच्या ८.८ व्होल्टचं काय करायचं, एवढाच खरा प्रश्न. रेझिस्टर ते उष्णतेत घालवतो. कॉइलचं सर्किट बॅटरीतून मुळात गरजेपुरतीच ऊर्जा उचलतं.

रेझिस्टरचा हिशोब ओहमच्या नियमाचा. ८.८ भागिले ०.३५ म्हणजे सुमारे २५ ओहम. दुकानात सहज मिळणारा जवळचा आकडा २७, त्याने करंट ३२६ मिलिअँपिअर होतो. बरेच जण इथेच थांबतात आणि पाव वॅटचा रेझिस्टर जोडतात. तो जळतोच, कारण वॅटचा हिशोब राहिलेला असतो: ८.८ गुणिले ०.३२६, म्हणजे जवळजवळ २.९ वॅट. इथे ५ वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टरच हवा. त्यावर रंगाचे पट्टे नसतात, ‘५डब्ल्यू२७आरजे’ असं सरळ छापलेलं असतं. शेवटचा ‘जे’ म्हणजे ५ टक्के फरक चालेल. एलईडीला १ वॅट द्यायला आपण ३ वॅट तापवतोय, हे मला पटत नाही.

मग तीन एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक लावा, असा सल्ला मिळतो. रेझिस्टरवर फक्त २.४ व्होल्ट उरतात, ६.८ ओहम पुरतो आणि ८० टक्के वीज एलईडीत जाते. पण हीच बॅटरी चार्जिंगला लागली की १४.४ व्होल्टपर्यंत चढते. मग रेझिस्टरवर ४.८ व्होल्ट, म्हणजे कागदावर करंट थेट दुप्पट: ७०० मिलिअँपिअर. एलईडीचं व्होल्टेज थोडं वाढून प्रत्यक्षात तो जरा कमी भरतो, तरी एलईडीचं आयुष्य घटवायला पुरेसा असतो. एकट्या एलईडीबरोबरच्या २७ ओहमवर मात्र १४.४ व्होल्टला ४१५ मिलिअँपिअरच होतात. म्हणजे रेझिस्टरवर वाया जाणारं व्होल्टेज कमी केलं की करंट हलायला लागतो, आणि करंट स्थिर ठेवायचा तर वीज जाळावी लागते. रेझिस्टरची खरी मर्यादा ही आहे. किमतीचा मुद्दा त्यानंतरचा.

आता कॉइल. ती एकटी काम करत नाही. सोबत स्विचिंग आयसी (करंट भराभर चालू-बंद करणारी चिप), डायोड आणि करंट मोजणारा छोटा रेझिस्टर लागतो. समजा स्विचिंग १०० किलोहर्ट्झला आहे. एक फेरा १० मायक्रोसेकंदांचा, आणि ३.२ भागिले १२ या हिशोबाने त्यातले २.६७ मायक्रोसेकंद स्विच चालू. तेवढ्या वेळात कॉइलवर ८.८ व्होल्ट पडतात. करंटचा चढउतार ३० टक्के, म्हणजे १०५ मिलिअँपिअर ठेवायचा, तर ८.८ गुणिले २.६७ भागिले ०.१०५: सुमारे २२३ मायक्रोहेन्री (हे कॉइलच्या इंडक्टन्सचं एकक). बाजारातली २२० घ्यावी.

छापील आकडा नीट बघा. छोट्या कॉइलवर ‘२२०’ लिहिलं असेल तर ती २२ मायक्रोहेन्रीची असते. आपल्याला ‘२२१’ हवी. दुसरं, करंटचं टोक ४०० मिलिअँपिअरवर जातं, म्हणून सॅच्युरेशन करंट (ज्याच्या वर कॉइलचा गाभा आणखी चुंबकत्व घेत नाही) निदान ६०० मिलिअँपिअर असलेली कॉइल मागा. सॅच्युरेट झालेली कॉइल नुसत्या तारेसारखी वागते आणि आयसी जातो. कॉइलच्या तारेचा रोध अर्धा ओहम धरला तरी तिच्यात फक्त ०.०६ वॅट जातात.

बॅटरीच्या बाजूने बघा. अर्धीच बॅटरी वापरायची ठरवली, तर रेझिस्टरवर दिवा १० तासांच्या थोडा वर चालेल. कॉइलचं सर्किट ८५ टक्के कार्यक्षम धरलं, तर करंट ०.११ अँपिअर आणि दिवा ३० तास. माझ्या मते एकट्या १ वॅटच्या एलईडीसाठी निर्णय इथेच होतो. चार्जरला कायम जोडलेल्या तीन एलईडींच्या दिव्यालाही करंट बांधून ठेवणारं कॉइलचं सर्किटच घ्यावं. २० मिलिअँपिअरचा इंडिकेटर असेल, तर मात्र रेझिस्टर. तिथे कॉइलचा खटाटोप कशाला? आणि दिव्याशेजारी एएम रेडिओ लागत असेल, तरीही रेझिस्टरच: स्विचिंगची खरखर रेडिओत येते.

तयार कॉइल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते. घरी गुंडाळायची तर जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायमधली) पिवळी, एका बाजूने पांढरी रिंग घ्या. हिरवी फेराइट रिंग नको, ती फार लवकर सॅच्युरेट होते. पिवळ्या रिंगवर आधी १० वेढे घालून एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स दाखवणाऱ्या मीटरवर) मोजा. समजा ४ मायक्रोहेन्री आले. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून २२० भागिले ४, म्हणजे ५५. त्याचं वर्गमूळ ७.४. म्हणून १० च्या ७.४ पट, एकूण ७४ वेढे घालायचे.